शेपटीवाली गाय

ओहायोत गाय मिळणं अवघड नाही. शेपटीवाली गाय मिळणं अवघड आहे.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. त्यापायी आमच्या इमारतीपुढचा फुलांचा वाफा गेला, गुरुजींची झोप गेली, आणि या अ‍ॅक्रन शहरात माझी जी काही अब्रू शिल्लक होती तीही गेली. फार नव्हतीच म्हणा. भूतानात मी पंचायतीत बसायचो. इथे बसच्या थांब्यावर बसतो.

त्या कार्तिकात माझी बायको तुलशा जायला निघाली होती. जन्मभर चुलीच्या धुरात काढलेली छाती, ती आता हवा घ्यायला तयार नव्हती. पलंगाशेजारी एक यंत्र दिवसरात्र घरघरत असायचं आणि त्याची नळी तिच्या नाकात. डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवण्यात अर्थ नाही, घरी न्या, आवडेल ते खायला द्या, मागतील ते द्या. इथले डॉक्टर फार गोड बोलतात. गोड बोलायला लागले की समजायचं.

आमची सून सबित्रा म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या आया पुसायच्या, धुवायच्या, आणि घरी येऊन आमची. मुलगा नारद मोठा ट्रक चालवतो. तो घरी फक्त फोनवर राहतो.

एके दिवशी सबित्राने सासूच्या तोंडाशी पेजेची वाटी धरली आणि विचारलं, "आई, काही हवंय का? मनात काही असेल तर सांगा."

तुलशा कित्येक दिवस धड बोलली नव्हती. म्हणाली, "गाय."

"गाईचं दूध देऊ?"

"दूध नको. गाय. जायच्या आधी माझ्या हाताने एक गाय द्यायचीय."

आता यात न समजण्यासारखं काही नाही. गाय दान करायची, तिची शेपटी धरून वैतरणी ओलांडायची. लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या आईने दिली, आजीने दिली. त्यांच्या गोठ्यात गायी होत्या. आमच्या खोलीत एक कपाट, एक यंत्र आणि खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा.

मी चूडामणी गुरुजींना फोन लावला. गुरुजी दिवसा चीजच्या कारखान्यात डबे बंद करतात आणि बाकीच्या वेळात आम्हा सगळ्यांना स्वर्गात पोचवतात. ते मला दाजू म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. म्हणाले, "दाजू, इथे गाय कुठून आणणार? डॉलरची एक नोट ठेवा. गाय समजून संकल्प सोडू. इथे सगळे तसंच करतात."

"चालतं का?"

"आजवर कुणी परत येऊन तक्रार केलेली नाही."

मी हे तुलशाला सांगितलं. तिने नळीतून दोनदा श्वास घेतला आणि म्हणाली, "नोटेला शेपटी कुठे असते?"

गुरुजी फोनवर ऐकतच होते. म्हणाले, "वहिनी, श्रद्धा धरा."

तुलशाने भिंतीकडे तोंड फिरवलं. संसारातलं प्रत्येक भांडण ती असंच जिंकत आली आहे.

तेव्हापासून तिचं खाणं आणखी कमी झालं. दोन घास घ्यायची, वाटी सारायची आणि खिडकीतून त्या गाड्यांकडे बघत बसायची. दोन गाड्यांच्या मधे जागा रिकामी झाली की जरा मान उचलायची.

बातमी इमारतीत पसरली. आमच्या इमारतीत बातमी पसरवावी लागत नाही, जिन्यात खोकलं तरी वरच्या मजल्यावर काढा उकळतो. ज्याला त्याला सल्ला सुचला. एकजण म्हणाला, प्राणिसंग्रहालयात विचारा. एकीने गाईचा मोठा फोटो आणून दिला, शेपटीकडची बाजू दिसेल असा. नारदने नेब्रास्कातून फोन केला. "बाबा, इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गायीच गायी आहेत."

"मग ये की एक घेऊन."

"माझ्या ट्रकमध्ये गोठवलेल्या कोंबड्या आहेत, बाबा."

"कोंबडीला शेपटी असते," मुक्तिनाथ म्हणाला. हा वरच्या मजल्यावरचा मुक्तिनाथ भट्टराई. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत आहे आणि शिवाय गाडी आहे, त्यामुळे त्याचं मत ऐकून घ्यावं लागतं.

त्याचा कुणी ओळखीचा एका मोठ्या दूध-कारखान्यात कामाला होता. कारखानाच म्हणायचा, गोठा म्हणायला जीभ वळत नाही. आम्ही दोघे गेलो. पत्र्याखाली गायींची ओळ होती, नजर पोचेना इतकी लांब. सगळ्या आमच्याकडे तोंड करून रवंथ करत होत्या. ती तोंडं पाहून माझे डोळे भरून आले. कितीतरी वर्षांनी मी गाईच्या श्वासाचा वास घेत होतो. तिथला मुकादम भला माणूस. म्हणाला, म्हातारीसाठी एखादी नेऊन उभी करू थोडा वेळ, त्यात काय. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

मग आम्ही मागच्या बाजूला गेलो.

शेपट्या नव्हत्या. एकीलाही नव्हती. वीतभर ठोंब, आणि पुढे नुसती हवा. मुकादम म्हणाला, कापून टाकतो, धार काढताना शेण उडतं ना. तो हे अगदी सहज म्हणाला, नखं कापावीत तसं.

मुक्तिनाथने एका ठोंबाचा नीट अंदाज घेतला. "दाजू, ठोंब तर ठोंब. घट्ट धरलं की झालं."

"आणि अर्ध्या वाटेत हात निसटला तर?"

"वहिनींना पोहता येतं का?"

मी ठरवलं की आता या माणसाशी जन्मात बोलायचं नाही. पण गाडी त्याची होती, म्हणून घर येईपर्यंत बोललो.

तुलशाला सांगितलं. तिने बराच वेळ विचार केला. मला वाटलं, वैतरणीचाच विचार करत असेल. ती म्हणाली, "मग त्या माशा कशा हाकलतात?"

हे आम्ही मुकादमाला विचारलं नव्हतं.

शेवटी वाट काढली ती सबित्राने. शहराच्या दक्षिणेला गेलं की त्या काळ्या टोपीवाल्यांची शेतं लागतात, घोडागाडीतून फिरणाऱ्यांची. सबित्रा तिथून अंडी आणते. त्यातल्या अ‍ॅटली रेबर नावाच्या माणसाकडे गायी होत्या, आणि तिने मुद्दाम मागून पाहून घेतलं होतं. रविवार सोडून कधीही या, म्हणाला. आम्ही गेलो. दाढी छातीपर्यंत, मिशी अजिबात नाही, घरात वीज नाही. आमच्या निर्वासितांच्या छावणीतही वीज नव्हती, पण ती आमच्यावर आलेली वेळ होती. या लोकांनी ती धर्म म्हणून आपणहून पत्करली आहे. असो. ज्याची त्याची आवड.

अ‍ॅटली गोठ्याच्या दारात उभा होता. सबित्राने सगळं सांगितलं. सासूबाई जायला टेकल्या आहेत, त्यांना गाय दान करायची आहे, शेपटी धरून. तो ऐकत राहिला. मग आत वळला; मला वाटलं आता कुत्रं सोडतो, पण त्याने एक गाय बाहेर आणली.

"लाथ मारते," तो म्हणाला.

"कोण?" सबित्राने घाबरून विचारलं.

"ही. उजव्या बाजूने गेलं की. तुमच्या सासूबाई कुठल्या बाजूने जातात?"

"त्यांना वाटेल त्या. कुणाचं ऐकत नाहीत त्या."

"मग जमेल दोघींचं."

गाय तांबूस होती, कपाळावर पांढरा ठिपका, आणि शेपटी, काय सांगू, जवळजवळ जमिनीला टेकणारी, टोकाला भरघोस झुपका असलेली. ती शेपटी धरून माणसाने वैतरणी काय, समुद्र ओलांडावा. मी ती हातात घेऊन पाहिली. चुकून उजव्या बाजूने गेलो होतो. आठवडाभर लंगडलो.

पण एवढ्याने सुटलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. गुरुजी म्हणाले, उसन्या गाईचं दान होत नाही, त्याचं पुण्य मालकाला लागतं. मग त्यांनीच तोड काढली. मालकाने गाय तुलशाला द्यायची, तुलशाने गुरुजींना, गुरुजींनी ती पुन्हा मालकाला. पाच मिनिटांचं काम. सबित्राने पुन्हा जाऊन हे अ‍ॅटलीला समजावलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"द्यायची म्हणायची आणि परत घ्यायची? हे खोटं झालं."

"फक्त विधीपुरतं हो."

"म्हणजे देवापुढे खोटं. मग तर फारच झालं."

तो घरात बायकोला विचारायला गेला. मी आणि सबित्रा अंगणात कोंबड्यांकडे बघत उभे राहिलो. परत येऊन म्हणाला, "दिली तर खरीच देईन. मग ती बाई ती कुणाला देते, ते तिचं ती बघेल."

गाडीत बसल्यावर सबित्रा बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली होती.

मी ही आनंदाची बातमी गुरुजींना कळवली. पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "खरीच देणार? परत घेणार नाही?"

"नाही. फार सच्चा माणूस आहे."

"दाजू, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या आहेत. ती कुठे मावणार? बाथरूमचं दारसुद्धा आत उघडतं." आणि तो माणूस पुन्हा नोटेची थोरवी सांगू लागला.

मी ऐकलं नाही. मग त्यांनी मुहूर्त काढला, एकादशीचा. एकादशी रविवारी. रविवारी अ‍ॅटली गवताची काडी इकडची तिकडे करत नाही. गुरुजी म्हणाले, चंद्र काही त्याच्या सवडीने चालत नाही. सबित्राने घरी येणाऱ्या नर्सला बाजूला घेऊन विचारलं की पुढची एकादशी चालेल का. नर्सने नकारार्थी मान हलवली. ते कळल्यावर गुरुजींना लगेच मंगळवारी एक मुहूर्त सापडला, आणि तो कुठून सापडला ते मी विचारलं नाही.

राहता राहिली डेनिस. डेनिस म्हणजे आमच्या इमारतीची व्यवस्थापक. तिच्या नियमात पाळीव जनावर चालतं, पण मांजर किंवा मांजराएवढा कुत्रा. मुक्तिनाथ म्हणाला, "त्याला तोड आहे. मनाला आधार देणारं जनावर असेल तर वजनाची अट नाही. डॉक्टरचा कागद लागतो. पलीकडच्या इमारतीत एकाने अजगर ठेवलाय." नर्सने कागद आणून दिला. रुग्णाच्या मनाला या जनावराचा आधार आहे, असं त्यात होतं, आणि ते खोटं नव्हतं. अ‍ॅटलीनेही सही केली असती.

डेनिसने कागद वाचला. "मोठा आहे का?"

"जरा मोठाच," सबित्रा म्हणाली.

"मोठे शांत असतात," डेनिस म्हणाली. "माझ्या बहिणीकडे आहे. पट्टा बांधूनच बाहेर आणा."

पट्ट्याची खात्री आम्ही ताबडतोब दिली.

मंगळवारी आकाश शिशासारखं होतं आणि थंडी हाडात शिरत होती. तुलशाला बाहेर आणायचं तर यंत्र सोडून छोटं नळकांडं लावावं लागणार होतं. ते सकाळी आलं, पण ते उघडायची चावी आली नाही. मी नळकांडं पाठवणाऱ्यांना फोन केला. त्यांनी मला गाणं ऐकवलं. पुन्हा केला, पुन्हा तेच गाणं. शेवटी यंत्राची नळी जिथवर पुरते तिथवर न्यायचं ठरलं, आणि नळी उंबऱ्यापर्यंतच पुरत होती. आम्ही खुर्ची दारात मांडली, तुलशाला दोन रजयांत गुंडाळून बसवलं. रजयांतून फक्त नाक आणि डोळे दिसत होते, आणि नाकातही नळी. गुरुजी धोतरावर जाड कोट घालून, तांब्याचं ताट घेऊन पायऱ्यांशी उभे राहिले. चेहरा असा की कुणी त्यांचंच दान करणार आहे.

गाडी आली. एक भाड्याचा चालक आणि शेजारी काळ्या टोपीत अ‍ॅटली, मागे पिंजरा. अ‍ॅटलीने गाय उतरवली. सगळ्या खिडक्या उघडल्या. डेनिस कार्यालयातून बाहेर आली, थांबली, आणि हळूच म्हणाली, "हा कुत्रा नाही."

"मी कुत्रा म्हटलंच नव्हतं," सबित्रा म्हणाली.

डेनिसने कागद आणायला आत धाव घेतली. तेवढ्यात गाईला फुलांचा वाफा दिसला. डेनिसने स्वतःच्या हाताने लावलेली शेवंती. गाईने ती अशी खाल्ली की मला माझ्या पोराचं लहानपण आठवलं. डेनिस परत आली तेव्हा काड्या उरल्या होत्या. तिने पोलिसांना बोलावलं. एक पोलीस आला, त्याने गाय पाहिली, टोपीवाला पाहिला, धोतर पाहिलं, रजया पाहिल्या. "कुणाला त्रास होतोय का?" त्याने विचारलं.

"माझ्या फुलांना," डेनिस म्हणाली.

त्याने दारातल्या तुलशाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि जाऊन रस्त्यावरच्या गाड्या अडवत उभा राहिला.

आता गाईने दोन पायऱ्या चढून दारापर्यंत यायचं होतं. ती चढेना. मुक्तिनाथने पुढून ओढली, मी मागून लोटली, गुरुजी मदतीला आले, ते नेमके उजवीकडून. ताट उडालं, अक्षता डेनिसच्या केसांत गेल्या आणि गुरुजी वाफ्यात बसले. वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "साखर दाखवा साखर!" दुसरं म्हणालं, "उलटी चालवा!" माझा पाय दुखत होता, हात गारठले होते, आणि मनात एकच विचार होता की नळी उंबऱ्यापर्यंतच आहे आणि शेपटी पायऱ्यांच्या खाली आहे, आणि या दोन हातांच्या अंतरासाठी ही बाई नदीच्या अलीकडे राहणार.

"सोडा तिला!"

हा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तुलशा खुर्चीतून उठत होती.

"अशी ओढतात होय? मुकं जनावर ते."

तिने नाकातली नळी काढली आणि खुर्चीवर ठेवली, चष्मा काढून ठेवावा तशी.

"आई, नळी!" सबित्रा धावली.

"राहू दे. हात दे इकडे."

ती सबित्राच्या खांद्यावर भार टाकून दोन पायऱ्या उतरली. प्रत्येक पायरीला थांबली. कुणी सांगितलं नव्हतं, पण ती डाव्या बाजूने गेली. गाईच्या पाठीवर हात ठेवला. गाईने कातडी थरथरवली आणि शांत उभी राहिली. तुलशा वाकली, कासेला हात लावला, आणि अ‍ॅटलीकडे अशी पाहू लागली की मी एक पाऊल मागे झालो.

"काय म्हणतायत त्या?" अ‍ॅटलीने विचारलं.

"म्हणतात, सकाळी धार पुरती काढलेली नाही," सबित्रा म्हणाली.

अ‍ॅटली लाल झाला. "घाईत होतो."

गुरुजी वाफ्यातून उठले, कोट झटकला, आणि मंत्र म्हणू लागले. अ‍ॅटलीने दोरी तुलशाच्या हातात दिली, टोपी काढून. गुरुजी म्हणाले, शेपटी धरा, तिने धरली. कुणीतरी जरा धरा म्हणून दिलेली पिशवी धरावी तशी. इतके दिवस ज्या शेपटीपायी आम्ही रान पालथं घातलं होतं, तिच्याकडे तिने एकदा पाहिलंही नाही. तिचं सगळं लक्ष दुसऱ्या हातातल्या दोरीकडे होतं.

"आता दोरी माझ्या हातात द्या, वहिनी," गुरुजी म्हणाले. हात त्यांनी कोटाच्या खिशातून जेमतेमच काढला होता.

तुलशा त्यांच्या पुढून गेली आणि दोरी अ‍ॅटलीच्या हातात दिली.

"वहिनी, तो ब्राह्मण नाही!"

"त्याच्याकडे गोठा आहे ना?"

गुरुजींनी शहाण्यासारखा लगेच पुढचा मंत्र धरला.

तुलशाला धाप लागली होती. एकेक शब्द ती विकत आणल्यासारखी बोलत होती. मला म्हणाली, "भूतानातून निघालो तेव्हा सगळ्या गायींच्या दोऱ्या मीच सोडल्या होत्या. दोरी कुणाच्या हातात द्यावी, तर गावात माणूसच उरलं नव्हतं. पार नदीच्या वळणापर्यंत मागे आल्या. आठवतं?"

मला आठवत होतं. पण तिलाही इतकी वर्षं तेच आठवत असेल, हे मला माहीत नव्हतं. मी आपला वैतरणी, वैतरणी करत होतो.

मग ती अ‍ॅटलीला सांगू लागली. आमच्याच भाषेत. संध्याकाळी बांधायला विसरू नकोस. पावसात भिजवू नकोस. उजवीकडून जाणाऱ्याला आधीच सांग. तो त्याच्या घरच्या बोलीत काहीतरी हळूहळू बोलत होता, बहुधा गाईबद्दलच, आणि मान हलवत होता. सबित्राने दोघांचंही भाषांतर केलं नाही. कुणी मागितलंही नाही.

गाय पिंजऱ्यात चढली. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तुलशा उभी राहिली. गाय खरंच गेली, मागे येत नाही, हे तिला नीट पाहायचं होतं. मग म्हणाली, "चला आत. थंडी आहे." तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

तोच आठवडा तिचा शेवटचा. गाईबद्दल ती पुन्हा बोलली नाही. पेजेची वाटी मात्र एकदा पूर्ण संपवली. गुरुजींनी सगळं यथासांग केलं, आणि जिथे गाय लागते तिथे डॉलरची नोट ठेवून घेतली. नारद दोन दिवस आला आणि पुन्हा फोनमध्ये राहायला गेला. यंत्र घ्यायला माणूस आला तेव्हा खोली एवढी शांत झाली की मी मुक्तिनाथला वर जाऊन बोलावून आणलं, काहीतरी मत दे म्हणून.

बर्फ गेल्यावर डेनिस घरं तपासायला आली. वाफ्यात नवीन रोपं लावून आली होती, हाताला माती होती. दारात उभी राहून तिने विचारलं, "आता घरात माणसं किती?"

सबित्राने सांगितलं. डेनिसने पुढे होऊन सबित्राच्या दंडाला हात लावला, आणि तिच्या बाहीला माती लागली. मग निघता निघता तिला आठवलं. "आणि ते जनावर? ते आहे का अजून?"

सबित्राने माझ्याकडे पाहिलं.

"आहे म्हणावं," मी म्हणालो. "चरायला गेलीय."

सबित्राने तेवढं डेनिसला इंग्रजीत बरोबर सांगितलं.